डेअरीतला काळजाचा वर्ग

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

पशुखाद्याच्या कंपनीनं दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. आमच्या सौ. रुक्मिणीबाईंनी आज ती माझ्यापुढं टाकली आणि म्हणाल्या, "जे काय बोलायचं ते हिच्यात लिव्हा. माझे कान किटले." म्हणून लिहायला बसलो.

मी आबासाहेब, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. संस्थेत सध्या सगळं आहे, फक्त दूध नाही. पावसानं दगा दिला. जनावरं कुणी बाजारात नेली, कुणी चारा छावणीत बांधली, कुणी पाहुण्यांकडं धाडली. कॅन पालथे पडलेत, फॅट काढायच्या मशीनवर फडकं टाकलंय. तरी आम्ही संचालक रोज सकाळी डेअरीत जाऊन बसतो, कारण घरी बसलं की घरचे काम सांगतात.

आज तिथं बीडहून मोमीन मॅडम आल्या. व्यायामाच्या डॉक्टर आहेत. जन्मापासून काळजात दोष असलेली, ऑपरेशन झालेली आठ-दहा पोरं आसपासच्या गावांत आहेत. त्यांना व्यायाम शिकवायला बुधवारी आणि रविवारी आमचा हॉल पाहिजे म्हणाल्या. व्हाईस चेअरमन सुंदररावांनी सवयीप्रमाणं विरोध केला. मी विषय मंजूर करून टाकला.

त्याचं कारण लिहून ठेवतो. माझी नात केसर त्यातलीच आहे. तिच्या काळजात छिद्र होतं. दीड वर्षापूर्वी औरंगाबादला ऑपरेशन झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, छिद्र बुजलं, आता खेळू द्या, पळू द्या. पण शहरातल्या डॉक्टरांना आमच्या गावच्या रस्त्यांची काय कल्पना? मी तिला कडेवरच नेतो-आणतो. आठ वर्षांची झाली, जरा जड लागते, पण चालतंय. वर्ग डेअरीत भरला तर निदान माझ्या डोळ्यांपुढं भरेल.

६ फेब्रुवारी, बुधवार

पहिला वर्ग. मी रीतसर 'हृदय उपसमिती' नेमली. एकेका संचालकाकडं दोन-दोन पोरं सोपवली. नियमांचा फळा स्वतः लिहून भिंतीला लावला: पळू नये. उड्या मारू नयेत. मोठ्यानं हसू नये.

मोमीन मॅडमनी तो फळा नीट वाचला आणि मला विचारलं, "आबा, मग हा वर्ग झोपायचा आहे का?"

मी म्हणालो, "झोपले तरी आमची हरकत न्हाई."

पोरं एकमेकांना सदऱ्याची बटणं उघडून छातीवरचा ऑपरेशनचा व्रण दाखवत होती. त्याला ती 'चेन' म्हणतात. सरूबाईचा तथागत म्हणाला, "माजी चेन सगळ्यात लांब हाय." यावरून भांडण लागलं. उपसमितीला पट्टी आणून मोजणी करावी लागली. तथागतच जिंकला. त्याचं ऑपरेशन मोठं होतं, लहानपणी त्याची नखं निळी व्हायची म्हणे.

केसर माझ्या कडेवरून उतरेना. मॅडम म्हणाल्या, "बेटा, खाली उभी राहून बघ तरी."

केसर म्हणाली, "माझे पाय चपला घालायपुरतेच हायेत."

केसर हे नाव माझ्या आईचं. त्यामुळं घरात तिला कुणी रागवत नाही. सूनबाई कौशल्या तर आजेसासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून पोरीला 'अहो बाई' म्हणते. पोरगी थोडी डोक्यावर बसलीय असं सौ. म्हणतात. डोक्यावर नाही, कडेवर.

१० फेब्रुवारी, रविवार

आज केसर खाली उतरली. तथागत तिला 'गाठोडं' म्हणाला म्हणून. मी मध्ये पडणार तोवर ती हॉलच्या त्या टोकाला चालत जाऊन त्याला चिमटा काढून आलीसुद्धा.

मॅडमनी आज चालायची रीत सांगितली. चालताना बोलता आलं तर वेग बरोबर. गाणं म्हणता आलं तर आळशीपणा चाललाय. बोलताच येईना तर थांबायचं, बसायचं. मग पोरं आणि उपसमिती अशी सगळी हॉलमध्ये गोल चालू लागली. मला मॅडम म्हणाल्या, "आबा, तुम्ही पुढं चाला. पोरं तुमचं बघून शिकतात." हे खरं आहे. माझ्या चालण्यात शिस्त आहे.

दुसऱ्या फेरीला सुंदररावांची वाचा बसली. प्रत्येक मीटिंगला हा माणूस उठून उभा राहतो आणि चहा गार होईतो बोलतो. मला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मॅडमनी दोन फेऱ्यांत केलं.

वर्ग संपल्यावर मॅडमनी सगळ्यांच्या बोटाला चिमटा लावून ठोके पाहिले. पोरांचे लगेच ताळ्यावर आले. माझं ब्लडप्रेशर मात्र त्यांनी तीनदा घेतलं. बहुधा मशीन नवं असावं, तपासत होत्या.

२० फेब्रुवारी, बुधवार

भयंकर दिवस.

पोरांचा श्वास लांब व्हावा म्हणून मॅडमनी प्रत्येकाला बाटलीत थोडं पाणी आणि एक नळी दिली. नळीतून हळूहळू फुंकायचं, बुडबुडे काढायचे. पोरं खूश. आम्हालाही दिल्या. आमचे संचालक रामकिसन मास्तर, त्यांचे बुडबुडे सगळ्यांत चांगले. ते आयुष्यभर फुंकर घालूनच चहा प्यायले.

नेमका तेव्हाच दारात टँकर आला. हंडा घेऊन आलेल्या चंद्रभागाबाईंनी खिडकीतून आत डोकावलं आणि तोंडाचा पट्टा सोडला: "बघा गं बघा! आमाला हंडाभर पाण्यासाठी उन्हात रांग, आन् हितं चेअरमन बाटलीत फू फू करतोय!"

पाचेक मिनिटांत अख्खी रांग हॉलमध्ये. मी सांगितलं की हे वैद्यकीय बुडबुडे आहेत. कुणी ऐकेना. शेवटी तातडीची मीटिंग घेतली. प्रश्न असा, की फुंकून झालेल्या पाण्यावर हक्क कुणाचा? सुंदरराव म्हणाले, संस्थेच्या कडुलिंबाच्या झाडाचा. चंद्रभागाबाई म्हणाल्या, माझ्या शेळीचा. रामकिसन मास्तरांनी शंका काढली, की इतक्या जणांनी फुंकलेलं पाणी शेळीला बाधलं तर जबाबदार कोण?

मॅडम म्हणाल्या, "काही होत नाही. शेळीलाच विचारा."

शेळी आणली. शेळीनं सगळ्या बाटल्यांचं पाणी एका दमात संपवलं आणि वर बघून ब्यां केलं. ठराव शेळीच्या बाजूनं मंजूर झाला. चंद्रभागाबाई शांत झाल्या. जाताना मात्र म्हणाल्या, "जरा जादा फुंकत जा."

६ मार्च, बुधवार



जनावरांची चाल असा खेळ होता. बेडूक, खेकडा, हत्ती, ज्याला जे पाहिजे ते. तथागत खेकडा झाला होता. मी दारापाशी टँकरवाल्याशी बोलत होतो. मागं वळून बघतो तर केसर फरशीवर आडवी. हातपाय पसरलेले, डोळे मिटलेले, जीभ बाहेर.

मी काय केलं ते मला सगळं आठवत नाही. कॅन पाडत गेलो एवढं नक्की. तिला उचललं, "जीप काढा! जीप काढा!" म्हणून ओरडलो. जीप कुणाचीच नव्हती तिथं. सुंदरराव धावत बाहेर गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

केसरनं एक डोळा उघडला. म्हणाली, "आबा, सोडा की. मी छावणीतली म्हैस हाय. उनात बसलीय."

सगळी पोरं हसली. संचालकही हसले. मीही हसलो असं मला वाटतं. मग मी फरशीवर बसलो. केसरनं तो बोटाचा चिमटा माझ्या बोटाला लावला आणि मॅडमना हाक मारली, "मॅडम, आबाचा आकडा लई मोठा आलाय!"

मॅडम माझ्याजवळ फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "आबा, तिच्या काळजाचं छिद्र बुजलंय."

मी म्हणालो, "मला माहीत हाय."

"मग तुमच्या काळजाचं कधी बुजायचं?"

मला तर कधी काही झालेलं नाही. पळाल्यामुळं धाप लागली होती, इतकंच.

एक गोष्ट लिहितो. केसर तान्ही होती तेव्हा दूध पिता पिता घामानं भिजून जायची. दोन घोट घेतले की थकून झोपायची. गावाचं दूध ज्याच्या दारात यायचं, त्याच्याच नातीला ते ओढायची ताकद नव्हती. मी पाळण्याशी बसून तिच्या छातीकडं बघत राहायचो. वर गेली की खाली यायची वाट बघायची, खाली आली की वर जायची. ती सवय अजून गेलेली नाही. आत्ताही जेवताना मी भाजीकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघतो. सौ. म्हणतात म्हणूनच मला मिठाचं कळत नाही.

संध्याकाळी हॉलला कुलूप लावलं. चावी माझ्याकडं. वर्ग बंद.

१० मार्च, रविवार

वर्ग बंद असल्यामुळं सगळीकडं शांतता आहे. मॅडम येऊन गेल्या. फक्त कुलपाकडं बघितलं आणि पोरांना घेऊन लिंबाखाली चालायला गेल्या. आठ वाजताच ऊन असं की लिंबाची सावलीसुद्धा सावली शोधत होती.

केसरनं माझ्याशी बोलणं सोडलंय. सकाळी मी नेहमीसारखा वाकून कंबर पुढं केली, तर ती बाजूनं निघून गेली. शेजारणीला वाटलं माझी कंबर धरली. ती तेल घेऊन आली.

१२ मार्च, मंगळवार

केसर शाळेत चालत गेली. मी छत्री घेऊन मागं मागं. ती थांबली की मी थांबायचं, तिनं वळून बघितलं की मी बाभळीकडं बघायचं. बाभळीत बघण्यासारखं काही नसतं, पण दुसरं झाडच नव्हतं.

तथागत तिच्याबरोबर होता. दोघं सारखं बोलत होते. म्हणजे वेग बरोबर होता. नंतर तर गाणं म्हणायला लागली. मॅडमच्या नियमानं हा आळशीपणा. मी मागून ओरडलो, "केसर, जरा जोरात चाल!"

माझ्या तोंडून हे कसं निघालं कळलं नाही. केसरनं वळून माझ्याकडं असं बघितलं, जसं शेळीनं त्या दिवशी बाटलीकडं बघितलं होतं.

१३ मार्च, बुधवार

सकाळी डेअरीच्या पायरीवर सरूबाई बसलेली. तथागतची आई. दरवर्षी ती कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, औंदा मध्येच आली ती परत गेली नाही.

मी म्हणालो, "वर्ग बंद हाय, सरूबाई. धोका नको."

ती उठली नाही. म्हणाली, "आबासाहेब, तुमची नात तुमच्या कडेवर बसून कालेजात जाईल. माजा तथागत मोठा झाल्यावर मी त्याला कुठवर उचलू? माज्या कमरंला कोयता असतो. ह्या वर्गापायी मी परत तोडीला गेले न्हाई. त्याला चालाया, पळाया, दम धराया यायला पायजे. मला काई व्हायच्या आत."

मी म्हणालो, "पळताना पडला तर?"

"पडंल. उठंल. न्हाई उठला तर मी हाय, मॅडम हाय, तुमी हाय. कावून भ्याचं?"

मी तिला सांगितलं की कुलूप फार दिवस लावून ठेवलं तर गंजतं, अधूनमधून उघडावंच लागतं. ती म्हणाली, "मग उघडा. मी कुठं अडवलंय?"

उघडलं. नियमांचा फळाही काढला. भिंतीला पोपडे आले होते, फळ्याच्या ओझ्यानं भिंत पडली असती.

३१ मार्च, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. वेळच मिळत नाही. सकाळी चालणं, मग बुडबुडे, मग हातांचे व्यायाम. संचालक मंडळात असा उत्साह दूध होतं तेव्हाही नव्हता. सुंदरराव आता चालता चालता विरोध करू शकतात. त्यांची प्रकृती सुधारली, आमची बिघडली.

तथागत पळतो. चांगला पळतो. दमला की आपण होऊन खाली बसतो, दम घेतो, परत उठतो. केसर भरभर चालते, पण पळत नाही. पळायला लागली की मध्येच थांबून माझ्याकडं बघते. मी तर काहीच म्हणत नाही. नुसता उभा असतो, दोन्ही हात पुढं करून.

मॅडमनी पाडव्यानंतरच्या रविवारी पोरांना धारूरचा किल्ला दाखवायचा बेत केलाय. त्यांनी प्रत्येक पोराच्या डॉक्टरला विचारलंय. सगळे हो म्हणाले. मला विचारलं तेव्हा मीही हो म्हणालो, पण तयारीची जबाबदारी माझी अशा अटीवर.

७ एप्रिल, रविवार

धारूरहून आलो. पाय उशीवर ठेवून लिहितोय.

तयारी चोख होती. दोन जीप, पाण्याचे कॅन, ग्लुकोज, छत्र्या, लिंबं आणि एक बाज. कुणी चक्कर येऊन पडलं तर उचलून आणायला काहीतरी पाहिजे, म्हणून सुंभानं विणलेली घरची बाज जीपच्या टपावर बांधून घेतली. वाटेत लोक विचारत होते, "कुणाला नेताय दवाखान्यात?" सुंदरराव खिडकीतून सांगत होते, "अजून ठरलं न्हाई."

ऊन चढायच्या आत पोचलो. मॅडमनी पोरांना दोन दोनच्या जोडीनं लावलं आणि हळूहळू चढवायला सुरुवात केली. थोडं चढायचं, थांबायचं, बोलायचं, परत चढायचं. मागं आम्ही चौघं संचालक बाज घेऊन. मला मागून पोरांचे चेहरे दिसेनात. कुणाचे ओठ निळे पडतात का, कुणाला घाम येतो का, कळणार कसं? म्हणून मी बाज सोडली, सगळ्यांच्या पुढं गेलो आणि पोरांकडं तोंड करून उलटा चढू लागलो.

"आबा, सरळ चाला," मॅडम म्हणाल्या.

"मला सवय हाय," मी म्हणालो.

सवय नव्हती. पायाखाली धोंडा आला, घोटा वळला आणि मी तिथंच बसलो. जोरात ओरडलो नाही. सुंदरराव सांगतात खालच्या जीपवाल्याला ऐकू गेलं, पण ते विरोधी पक्षाचे आहेत.

मॅडमनी पाय दाबून बघितला. "मोडला नाही, मुरगळलाय. आबा, तुम्हाला आता चालायचं नाही."

मग बाज आणली. बाजेवर मी. किल्ल्याच्या दरवाज्याच्या सावलीत संचालकांनी मला ठेवलं. पोरं भोवती गोळा झाली. तथागत म्हणाला, "बरं झालं बाज आणली."

मॅडम पोरांना घेऊन निघाल्या. केसर मात्र बाजेपाशी उभी. माझा हात तिच्या मनगटावर होता. कधी धरला ठाऊक नाही. पुढची पोरं वळणापाशी पोचली होती. तथागतनं हाक मारली, "ये की गं गाठोडे!"

केसर म्हणाली, "आबा, मी वर जाऊ का? का तुमच्यापाशी बसू?"

तिला बस म्हटलं असतं तर बसली असती. ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. बसली असती, छत्री धरली असती, आणि दुसऱ्या पोरांनी वर काय बघितलं ते त्यांच्याकडून ऐकलं असतं.

मी हात सोडला. म्हणालो, "जा."

का म्हणालो सांगता येत नाही. सुंभ टोचत होतं, पाय ठणकत होता, वाद घालायची ताकद नव्हती.

ती वळणापर्यंत चालत गेली. वळणावर तिनं मागं बघितलं. मी हात पुढं करणार होतो, पण सुंदररावांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. कशाला धरले होते विचारायचं राहून गेलं. मग ती पळाली. तथागतच्या मागं, दगडांतून, बकरीच्या करडासारखी. आणि दिसेनाशी झाली.

मग नुसतं बसून राहायचं. सुंदरराव टोपीनं मला वारा घालत होते. एक शब्द बोलले नाहीत. माणूस बोलत नाही तेव्हा बरा वाटतो. मी तिची छाती बघू शकत नव्हतो, म्हणून आपलीच बघत बसलो. वर, खाली. वर, खाली. चांगली चालली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. तटबंदीवरून एकदम पोरांचा गलका आला. त्यात तिचा आवाज मी ओळखला. "आबाऽऽ!" एवढा लांब, की मध्ये श्वासच घेतला नाही. बुडबुड्यांचा उपयोग झाला.

ती खाली आली तेव्हा गाल लाल, केस विस्कटलेले, गुडघ्याला खरचटलेलं. ते खरचटलेलं तिनं आधी दाखवलं, चेनीच्या वरताण.

मी विचारलं, "काय दिसलं वरून?" या किल्ल्याच्या खालून मी जन्मभर बाजाराला गेलो, वर कधी चढलो नाही.

ती म्हणाली, "लई लांबपर्यंत रान दिसतं. सगळं पिवळं. छावणीचे पांढरे कापडं दिसले. आपलं गाव न्हाई दिसलं."

"आणि मी?"

"दिसलात की. बाजेवर." तिनं बोटांच्या चिमटीत माप दाखवलं. "एवढुसे."

८ एप्रिल, सोमवार

घोटा भोपळ्यासारखा सुजलाय. सौ. हळद-गुळाचा लेप लावत होत्या आणि मी ओट्यावर बसून कण्हत होतो. शाळा सकाळची. केसर दप्तर पाठीला लावून बाहेर पडली, दोन पावलं चालली आणि पळायला लागली. रस्त्यावर खडी पसरलेली, समोरून पाण्याचा टँकर येत होता, पायांत त्या ढिल्या चपला.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात सौ.नी त्यात गुळाचा मोठा खडा कोंबला.

तो विरघळेपर्यंत पोरगी वळणापार गेली होती.